पाण्याच्या मीटरची बॅटरी वर्षभरातच का संपते? कमी विजेवरच्या उपकरणांचं बोलणं कसं आवरायचं?

कावेसरकर

नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडला आमची चार विंगची सोसायटी आहे. टँकरच्या बिलावरून दर सर्वसाधारण सभेत भांडणं व्हायची, म्हणून प्रत्येक फ्लॅटच्या इनलेटवर पाण्याचे मीटर बसवून घेतले. मीटर लोरा या कमी विजेच्या, लांब पल्ल्याच्या रेडिओवरून रीडिंग पाठवतात. बी विंगच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनरूमशेजारी मीटरांचे संदेश ऐकून सर्व्हरला देणारा गेटवे आहे. बॅटरी दहा वर्षं टिकेल असं सांगितलं होतं. ए, बी, सी विंगची फारशी तक्रार नाही, पण डी विंगच्या खालच्या मजल्यांवरचे मीटर वर्ष उलटायच्या आत एकेक करून गप्प व्हायला लागलेत. पुरवठादाराचं म्हणणं, बॅटरीचा लॉट खराब निघाला, बदलून देतो. मात्र डक्टमध्ये उतरून मीटर उघडायची मजुरी सोसायटीने द्यायची.

मी सचिव आहे, रेडिओतला माणूस नाही. तरी सर्व्हरचा लॉग मागवून घेतला. त्यात दिसतं ते असं: दर १५ मिनिटांनी एक संदेश, डेटा १० बाइट, पॉवर २० डीबीएम. डी विंगच्या ७० मीटरसमोर 'एसएफ १२' लिहिलंय, बाकीच्यांसमोर ७ ते ९. 'कन्फर्म्ड' या रकान्यात सगळीकडे 'हो'. बॅटरी ईआर १४५०५, पेन्सिल सेलएवढी, ३.६ व्होल्ट, २४०० एमएएच (मिलिअँपिअर-तास).

नुसत्या बॅटऱ्या बदलून हे मिटेल, की मीटरच्या बोलण्याच्या पद्धतीतच खोट आहे? पुरवठादाराकडे नेमकं काय मागायचं? लोकांच्या वर्गणीचा पैसा आहे, म्हणून घाईने सही करायची नाहीये.

सानपाडा_एक्स्प्रेस

बसलो पुढच्या बाकावर. आमच्या सोसायटीतही हेच मीटर बसवायचं घाटतंय.

मृण्मयी_नेरुळ

कावेसरकर, लॉग मागवलात हे फार बरं केलंत. निम्मं उत्तर त्यातच आहे. मी महापेला याच प्रकारच्या उपकरणांचं फर्मवेअर लिहिते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर, ७ ते १२. आकडा एकाने वाढला की सिग्नल थोडा अधिक लांब किंवा अधिक भिंतींपलीकडे पोचतो, पण तोच संदेश हवेत जवळपास दुप्पट वेळ राहतो. तुमचा १० बाइटचा डेटा, त्यावर लोरावॅनचे, म्हणजे लोरावरच्या जाळ्याच्या नियमांचे, १३ बाइट, एकूण २३. एसएफ ७ ला हा संदेश पाठवायला ६२ मिलिसेकंद लागतात. एसएफ १२ ला १.४८ सेकंद. म्हणजे २४ पट.

आता बॅटरी. एसएक्स १२७६ सारखी सर्रास वापरली जाणारी चिप २० डीबीएमला पाठवताना १२० मिलिअँपिअर ओढते. दिवसाचे ९६ संदेश गुणिले १.४८ सेकंद, म्हणजे १४२ सेकंद रेडिओ पूर्ण ताकदीने चालू. रोजचे ४.७ एमएएच गेले. २४०० ला ४.७ ने भागा, ५१० दिवस येतात. सेल कितीही चांगला असो, ठणठणीत असताना त्याचा हिशेब सतरा महिन्यांचाच आहे. आणि हे एकदा पाठवून एकदाच पोचलं असं धरून. कन्फर्म्ड असल्यामुळे पोच आली नाही की मीटर पुन्हा पाठवतो, तो खर्च वेगळा. म्हणून तुमचे वर्षाच्या आत मेले.

हेच एसएफ ७ ला रोजचे ०.२ एमएएच. म्हणून बाकीच्या विंगा शांत आहेत.

लॉट खराब असेलही, पण हा हिशेब लॉटचा नाही. नवीन सेल घातलात तर वर्षभराने पुन्हा हाच धागा वर येईल.

सानपाडा_एक्स्प्रेस

दंडवत. वाचनखूण साठवली.

घणसोली_वायरमन

मी मीटर बसवण्याचंच काम करतो, त्यामुळे वेगळं मत मांडतो. पाण्याच्या मीटरला रेडिओ हवाच कशाला? एम-बस म्हणून दोन तारांची पद्धत युरोपात वर्षानुवर्षं चालू आहे. दोनच तारा, उलटसुलट जोडल्या तरी चालतात, त्याच तारांवरून मीटरच्या संदेशवहनाला वीज मिळते. बॅटरी संपायचा प्रश्नच नाही. डक्ट तर प्रत्येक इमारतीत आहेच. रेडिओचं कौतुक विकणाऱ्याला असतं, कारण त्याचं बसवायचं काम अर्ध्या दिवसात उरकतं.

कावेसरकर

@वायरमन, मुद्दा पटतो. पण आमचे डक्ट बाहेरच्या बाजूने आहेत, तारा सोडायच्या तर चौदा मजले झुला लावावा लागेल. ते कोटेशन आलं होतं, सभेने एका आवाजात फेटाळलं.

घणसोली_वायरमन

मग तुमच्यासाठी उशीर झाला. नवीन बांधकाम असेल तर मात्र बिल्डरकडून प्लंबिंगबरोबरच तार टाकून घ्या, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. तार एकदाच टाकावी लागते, सेल बदलत राहावे लागतात.

मृण्मयी_नेरुळ

नवीन बांधकामाबाबत वायरमनदादांना पूर्ण अनुमोदन.

निवृत्त_दूरसंचारी

मृण्मयीताईंनी एका मीटरचा हिशेब दिला, मी सत्तरांचा देतो.

लोरावॅनमध्ये कोण कधी बोलणार हे ठरवणारा कुणी नसतो. ज्याला वाटेल तेव्हा तो बोलतो. ही मूळ कल्पना हवाई विद्यापीठाच्या 'अलोहा' जाळ्याची, नॉर्मन अब्रामसन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये बेटांमधले संगणक रेडिओने जोडले तेव्हाची. सोपी, स्वस्त, पण अट एक: सगळ्यांनी थोडंथोडंच बोललं पाहिजे. दोघं एकाच वेळी बोलले की दोघांचंही वाया जातं. शुद्ध अलोहात चॅनल कितीही भरला तरी उपयोगी काम १८ टक्क्यांच्या वर जातच नाही, आणि तिथे पोचेपर्यंत बहुतेक संदेश आपटलेले असतात.

तुमचे ७० मीटर रोज प्रत्येकी १४२ सेकंद बोलतात. आपल्याकडच्या ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लोरावॅनचे ठरलेले चॅनल तीन. इतर चॅनल वाढवून घेतले नसतील, तर प्रत्येक चॅनल एसएफ १२ च्या बोलण्यानेच सुमारे ४ टक्के वेळ भरलेला आहे. शंभरातले सातेक संदेश एकमेकांवर आपटतील. तरीही हे सोसण्यासारखं आहे.

सोसवत नाही ती पोच. गेटवे पोच पाठवत असतो तेव्हा त्याला काही ऐकू येत नाही, एकाही चॅनलवर. एसएफ १२ ला एक पोच सुमारे एक सेकंद घेते. ७० गुणिले ९६ म्हणजे रोज ६७२० पोचपावत्या. म्हणजे तुमचा गेटवे दिवसातले पावणेदोन तासांहून अधिक वेळ बहिरा आहे, आणि ते फक्त डी विंगसाठी. त्या वेळात बोललेले मीटर पोच न आल्यामुळे पुन्हा बोलतात, त्यांना पुन्हा पोच, पुन्हा बहिरेपण. पाण्याच्या रीडिंगला पोच लागतच नाही. मीटरचा आकडा चढताच असतो. एक रीडिंग हुकलं तर पुढच्यात तो वापर येतोच.

मी आयुष्यभर एक्स्चेंजमध्ये काम केलं. लाइन मोकळी ठेवणं हे बोलणाऱ्याचंही कर्तव्य असतं, हे मला इथेही तितकंच खरं वाटतं.

सानपाडा_एक्स्प्रेस

काका, आमच्या विंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी शंभर सुप्रभात येतात आणि प्रत्येकाला पोच. त्यांनाही कुणीतरी एसएफ ७ वर आणा.

पारसिक_कडा

लोराऐवजी एनबी-आयओटी का नाही? मोबाइल कंपनीचं जाळं, गेटवे सांभाळायची कटकट नाही, खोल तळघरातही पोचावं म्हणूनच बनवलंय. थ्रीजीपीपी या मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या रिलीज १३ मध्ये, २०१६ साली आलं. परवान्याच्या पट्ट्यात असल्याने बाहेरच्या कुणाचा अडथळा नाही.

मृण्मयी_नेरुळ

@पारसिक_कडा, दोन्हीवर काम केलंय म्हणून सांगते. एनबी-आयओटीत खर्च संदेशात नसतो, संदेशानंतरच्या थांबण्यात असतो. डेटा गेल्यावरही मॉडेम नेटवर्कशी जोडलेला राहतो, आणखी काही येतंय का याची वाट बघत. किती वेळ, हे नेटवर्क ठरवतं, तुम्ही नाही. दहा बाइट पाठवायला क्षणभर आणि मग कित्येक सेकंद नुसतं ताटकळणं. यावर उपाय आहे. 'माझं बोलून झालं, मला सोडा' असं मॉडेम नेटवर्कला सांगू शकतो, त्याला रिलीज असिस्टन्स म्हणतात. नंतर पीएसएममध्ये, म्हणजे वीज वाचवायच्या अवस्थेत, गाढ झोपता येतं. पण ते नेटवर्कने आणि मॉडेमने दोघांनी नीट पाळलं पाहिजे. निवड करण्याआधी त्याच डक्टमध्ये, त्याच सिमने, करंट मोजूनच ठरवावं. सिग्नल कमकुवत असला की एनबी-आयओटीही तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवतं, अपलिंकला, म्हणजे उपकरणाकडून नेटवर्ककडे जाताना, १२८ वेळांपर्यंत. म्हणजे भिंतीची किंमत तिथेही मोजावी लागतेच.

पारसिक_कडा

मान्य. पण गेटवे बंद पडला की सगळी सोसायटी आंधळी, हे एनबी-आयओटीत होत नाही, एवढा मुद्दा तरी माझ्या बाजूने लिहून ठेवा.

मृण्मयी_नेरुळ

लिहिला. तो मुद्दा खरा आहे.

खारघर_टेकडी

महावितरणचे नवीन स्मार्ट मीटरही असंच बोलतात ना? मग त्यांना का नाही बॅटरीचा त्रास?

घणसोली_वायरमन

विजेच्या मीटरला वीज घरचीच! तो दिवसभर गप्पा मारू शकतो. पाण्याच्या मीटरला मात्र कुणी काही देत नाही.

सानपाडा_एक्स्प्रेस

स्मार्ट मीटरवर वेगळा धागा काढा, नाहीतर इथे बिलांचे फोटो सुरू होतील.

ऐरोली_अ‍ॅनालॉग

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गच्चीवरच्या टाकीची पातळी बघायला ईएसपी ३२ ही चिप आणि वायफाय वापरलं. डीप स्लीपला चिप १० मायक्रोअँपिअर घेते असं डेटाशीटमध्ये आहे. मी तासातून एकदाच उठवतो. तरी १८६५० सेल पंधरवडासुद्धा काढत नाही. संदेश पाठवायला एमक्यूटीटी प्रोटोकॉल वापरलाय, तो हलका असतो म्हणतात. कुठे गळतंय?

मृण्मयी_नेरुळ

@ऐरोली_अ‍ॅनालॉग, डेव्हलपमेंट बोर्ड आहे ना? त्यावरचा एएमएस १११७ हा व्होल्टेज रेग्युलेटर बघ. चिप झोपली तरी तो स्वतःच ५ मिलिअँपिअरच्या आसपास खात बसतो, शिवाय यूएसबीची चिप आणि लाल दिवा. १० मायक्रोअँपिअरच्या झोपेवर पाचशे पट खर्चाचा पहारेकरी. आधी तो काढ. कमी क्विएसंट करंटचा, म्हणजे रिकामा बसून कमी खाणारा, रेग्युलेटर लाव, दिवा उपटून टाक.

मग वायफाय. जागं झाल्यावर चॅनल शोधणं, राउटरशी ओळख, आयपी पत्ता मागणं, यातच सेकंदच्या सेकंद जातात आणि वायफाय पाठवताना शंभर-दोनशे मिलिअँपिअरच्या भाषेत बोलतं. चॅनल आणि राउटरचा पत्ता साठवून ठेव, आयपी ठरलेला दे. किंवा घरात आधीच दुसरा ईएसपी विजेवर चालू असेल तर ईएसपी-नाऊ वापर. २५० बाइटपर्यंत डेटा थेट जातो, जोडणीचा सोहळा नाही.

एमक्यूटीटी हलकंच आहे. १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत नजर ठेवायला अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ते बनवलं, आणि त्याचं सर्वांत लहान हेडर (डेटाच्या आधी जाणारी माहिती) दोनच बाइटचं असतं. पण ते टीसीपीवर चालतं, म्हणजे आधी जोडणी करून मग बोलणं. वर सुरक्षेसाठी टीएलएस लावलंस की प्रमाणपत्रांची देवाणघेवाण काही हजार बाइटांची. दर तासाला उठून चार बाइट सांगण्यासाठी हे म्हणजे नमनालाच घडाभर तेल. यूडीपीवर, म्हणजे जोडणी न करता थेट पाठवणारं, कोॲप बघ, त्याचं मूळ हेडर चार बाइटचं.

निवृत्त_दूरसंचारी

हेडरवरून आठवलं. इंटरनेटच्या पत्त्याचं साधं आयपीव्ही ६ हेडर आणि यूडीपीचं मिळून ४८ बाइट होतात. लोरावॅनला एसएफ १२ वर एका संदेशात ५१ बाइटच डेटा मावतो. म्हणजे पत्ता लिहिता लिहिताच पाकीट भरलं. यासाठी इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने २०२० मध्ये आरएफसी ८७२४ हे मानक काढलं, शिक नावाची पद्धत. दोन्ही टोकांना आधीच माहीत असलेल्या गोष्टी हवेतून पाठवायच्याच नाहीत, फक्त नियमाचा क्रमांक पाठवायचा. ४८ चे दोन-चार बाइट उरतात. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातला सर्वांत देखणा विचार हाच आहे. समोरच्याला ठाऊक आहे ते सांगत बसू नका.

ऐरोली_अ‍ॅनालॉग

रेग्युलेटर मोजला. बोर्ड झोपेत ७ मिलिअँपिअर घेतोय! चिप बिचारी निर्दोष. ताई, मनापासून आभार.

वाशीची_माधवी

मी तंत्रज्ञ नाही, पण आमच्या सोसायटीत मीटर लागल्यावर सर्वांत मोठा फायदा झाला तो गळती कळण्याचा. शेजारच्या बंद घरातला फ्लशचा नळ रात्रभर वाहत होता, मोबाइलवर सूचना आली, सकाळपर्यंत टाकी रिकामी व्हायची वाचली. तुम्ही सगळे 'कमी बोला' म्हणताय. उद्या मीटर सहा-सहा तास गप्प बसले तर गळती कळणार कशी? बॅटरी वाचवायला मीटर बसवलेत का पाणी वाचवायला?

मृण्मयी_नेरुळ

माधवीताई, हा या धाग्यावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

मोजणं आणि सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजायला जवळपास काही खर्च येत नाही, सांगायला येतो. म्हणून मीटरने मोजत सतत राहावं, आणि गळती आहे की नाही हे तिथल्या तिथे स्वतः ठरवावं. रात्री दोन ते चार पाणी एकदाही थांबलं नाही, तर लगेच सूचना. नेहमीपेक्षा फार जोरात वाहतंय, लगेच सूचना. असा प्रसंग महिन्यात एखादा. त्या संदेशाला पोचही मागावी, तिथे पोचेचा खर्च सार्थकी लागतो. उरलेलं रोजचं रीडिंग निवांत, गठ्ठ्याने. उलट आजच्या पद्धतीत गेटवे इतका बहिरा आहे की खरी गळतीची सूचना त्याच गर्दीत आपटू शकते.

आता गठ्ठा का, त्याचे आकडे. एसएफ १२ वरच धरू. पाच बाइटचा संदेश १.३२ सेकंद घेतो, दहा बाइटचा १.४८. डेटा निम्मा केला तरी वेळ जेमतेम दहा टक्के वाचला, कारण बराच वेळ सुरुवातीच्या प्रीॲम्बलचा (गेटवेला सावध करणाऱ्या खुणेचा) आणि हेडरचा आहे. पण सहा तासांची रीडिंगं एकत्र करा: चार बाइटचं पहिलं रीडिंग, मग दर तासाच्या वाढीचे दोन-दोन बाइट सहा वेळा, एक बाइट बॅटरीचा. एकूण १७ बाइट, वेळ १.६५ सेकंद. सहा वेगळे संदेश पाठवले असते तर जवळपास आठ सेकंद.

दिवसाचे असे चार संदेश, म्हणजे ६.६ सेकंद. आज १४२ आहेत.

रोजचे ०.२२ एमएएच. एसएफ १२ तसाच ठेवूनही.

सानपाडा_एक्स्प्रेस

म्हणजे बॅटरी तीस वर्षं?

मृण्मयी_नेरुळ

कागदावर. आता झोपेचा खर्च पुढे येतो. १० मायक्रोअँपिअर झोपेत जात असतील तर चोवीस तासांचे ०.२४ एमएएच, म्हणजे बोलण्याइतकेच. दोन्ही मिळून चौदा वर्षांच्या आसपास, त्यातून प्रत्येक संदेशानंतर उत्तर ऐकायला थांबण्याचा खर्च आणि सेलचं आपोआप झिजणं वजा करा. 'दहा वर्षं' हा शब्द तिथे कुठे खरा व्हायला लागतो.

वाशीची_माधवी

पटलं. आमच्या कमिटीला हा धागा पाठवते.

खारघर_टेकडी

एक कुणी विचारलंच नाही. डी विंग एसएफ १२ वर गेलीच का? बी आणि डीमध्ये अंतर किती असणार, शंभरेक मीटर. लोरा मोकळ्यावर किलोमीटरच्या किलोमीटर जातो. मी पाम बीच रोडला खाडीच्या बाजूने चाचणी घेतली होती, तिथे एसएफ ७ सुद्धा लांबवर मिळतो.

कावेसरकर, गेटवेचा अँटेना उभी पांढरी काठी आहे का? तसा असेल तर त्याचा सिग्नल आडवा पसरतो, मेदूवड्यासारखा. मधलं भोक काठीच्या वर आणि खाली. गच्चीवर उंच लावला की लांबच्या टेकडीवर छान दिसेल, पण पायथ्याशी, शेजारच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याच्या डक्टमध्ये, मध्ये पंधरा स्लॅब आणि गजांचं जाळं. वर जवळ स्टीलची टाकी असेल तर तीही आड येते. सोसायटीसाठी गेटवे गच्चीवर ठेवणं ही सवयीने होणारी गोष्ट आहे, बहुतेक वेळा पोडियमवर किंवा मधल्या मजल्यावर तो जास्त कामाचा असतो.

दुसरं, मीटरकडची बाजू. नेरुळला एका डक्टमध्ये आम्ही उतरलो होतो. मीटरच्या डबीत अँटेना म्हणजे तांब्याची छोटी स्प्रिंग, आणि ती डबी प्लंबरने जीआय (लोखंडी) पाइपला चिकटवून प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळलेली. पाइप ओला, वर शेवाळ. पट्टी कापली, डबी पाइपपासून चार बोटं दूर भिंतीवर लावली, बाकी काही केलं नाही. तो मीटर एसएफ १२ वरून ९ वर आला. एसएफच्या एका पायरीला अडीच डीबी (डेसिबल) जास्त सिग्नल लागतो म्हणतात, तिथे तीन पायऱ्या नुसत्या जागेने मिळाल्या.

घणसोली_वायरमन

हे शंभर टक्के. पाइपला आवळून बांधायला सोपं पडतं, म्हणून सगळे तसंच बांधतात. आम्हाला कुणी सांगत नाही की आत अँटेना कुठल्या बाजूला आहे. डबीवर एक बाण छापला तरी पुरे.

मृण्मयी_नेरुळ

वायरमनदादा, हा बाण आमच्या पुढच्या डबीवर छापून घेणार. उद्याच डिझाइनवाल्यांना सांगते.

कावेसरकर

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. काल बी विंगच्या गच्चीवर आणि डी विंगच्या डक्टशी जाऊन बघून आलो. काठी आहे, स्टीलची टाकी तिला लागून आहे, आणि डब्या पाइपला आवळलेल्या आहेत.

एक कोडं मात्र राहतं. सी विंगचे दोन मीटरही बंद पडलेत. लॉगमध्ये त्यांचा एसएफ ७ आहे. दोन्ही फ्लॅट कुलूपबंद, मालक परदेशात. पाणी वापरलंच जात नाही, मग बॅटरी कशी संपली?

ऐरोली_अ‍ॅनालॉग

हे मला येतं बहुतेक! मीटर आत रीड स्विचचा आहे का? चक्रावरचा चुंबक समोर आला की स्विच बंद होतो, एक पल्स मोजली जाते. पाणी थांबलं तेव्हा चक्र नेमकं चुंबक स्विचसमोर ठेवून थांबलं असेल तर स्विच बंदच राहतो, आणि स्विचला बॅटरीशी जोडणाऱ्या पुल-अप रेझिस्टरमधून करंट वाहत राहतो. रेझिस्टर १० किलोओहमचा असेल तर ३.६ व्होल्टला ३६० मायक्रोअँपिअर, रोजचे ८.६ एमएएच. २४०० एमएएच नऊ महिन्यांत खलास. चालू घरात चक्र फिरत राहतं म्हणून हे लक्षात येत नाही, बंद घरातच येतं.

निवृत्त_दूरसंचारी

शाब्बास. तिसऱ्या वर्षाला असं निदान करणाऱ्याला नोकरीची चिंता नको.

मृण्मयी_नेरुळ

अगदी बरोबर पकडलंस. उपाय सोपा आहे: पुल-अप मेगाओहमच्या घरातला घ्यायचा किंवा क्षणभरच चालू करून स्विच तपासायचा. महापेला इंटर्नशिप हवी असेल तर व्यक्तिगत निरोप कर.

कावेसरकर, आणखी एक तपासा. सेल गोदामात बरेच महिने पडून असतील तर लिथियम थायोनिल क्लोराइडच्या सेलमध्ये लिथियमवर एक थर चढतो. पहिल्याच १२० मिलिअँपिअरच्या झटक्याला व्होल्टेज खाली बसतं, मीटर रीसेट होतो, पुन्हा नेटवर्कला जॉइन व्हायला बघतो, पुन्हा झटका, पुन्हा रीसेट. जॉइनची विनंतीही २३ बाइटचीच असते, एसएफ १२ ला तीच १.४८ सेकंद. लॉगमध्ये एकाच मीटरच्या जॉइन विनंत्या ओळीने दिसल्या तर हे होतंय. सेलला समांतर योग्य कपॅसिटर हवा, त्याच्यावर झटक्याचा भार जातो.

पारसिक_कडा

आणि गेटवेला यूपीएस द्या. लिफ्टच्या मशीनरूममधली वीज देखभालीला बंद केली की सगळे मीटर पोच मिळेना म्हणून बिथरतात, वीज आली की एकदम जॉइनसाठी धावतात. प्रत्येकाने आपापला थोडा उशीर करावा, तो उशीर एकसारखा नसावा, हे फर्मवेअरमध्ये असायला हवं.

कावेसरकर

कमिटीची बैठक झाली. पुरवठादाराला द्यायच्या पत्राचा मसुदा इथे टाकतो, चूक असेल तर सांगा.

"डी विंगच्या पोडियमवर, सिक्युरिटी केबिनच्या छतावर दुसरा गेटवे, यूपीएससह. सर्व डब्या पाइपपासून सुट्या कराव्यात. रीडिंग तासाचं, संदेश सहा तासांचा, पोच न मागता. गळतीची सूचना मात्र तत्काळ आणि पोचेसह. रीड स्विचचा सर्किट दुरुस्त करावा. बॅटरी दहा वर्षं टिकेल याची लेखी हमी."

मृण्मयी_नेरुळ

शेवटचं वाक्य काढा. दहा वर्षांनी ती हमी द्यायला समोर कोण असेल? त्याऐवजी आज मोजता येईल ते लिहा. झोपेतला करंट १० मायक्रोअँपिअरच्या आत, स्विच बंद असतानाही. एका रीडिंगचे जास्तीत जास्त किती पुनर्प्रयत्न. बसवल्यानंतर महिनाभराने कुठलाही मीटर एसएफ १० च्या वर नको, असल्यास जागा बदलून द्यायची. आणि प्रत्येक मीटरचा लॉग सोसायटीला बघता यावा. करंट मोजताना तुमचा माणूस समोर असू दे. मी ठाण्यात असेन तर स्वतः मीटर घेऊन येईन.

निवृत्त_दूरसंचारी

उपकरणाला डब्ल्यूपीसीची (केंद्राच्या वायरलेस विभागाची) इटीए मंजुरी आहे का तेही मागा. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून विनापरवाना खुला आहे, चार वॅट ईआरपीपर्यंत (अँटेनासकट प्रत्यक्ष बाहेर पडणारी ताकद), पण उपकरणाला मंजुरी लागतेच. आणि एडीआर चालू ठेवायला सांगा, म्हणजे सिग्नल सुधारला की सर्व्हर मीटरचा एसएफ आणि पॉवर आपोआप खाली आणेल. नाहीतर गेटवे शेजारी आणूनही मीटर जुन्याच सवयीने १२ वर ओरडत राहतील.

कावेसरकर

दोन्ही सुधारणा घातल्या. काका, तुम्ही ठाण्यातच असता ना? चाचणी रविवारी सकाळी दहाला डी विंगच्या डक्टपाशी आहे. मृण्मयीताई आणि वायरमनदादा, तुम्हीही या, नाष्टा सोसायटीकडून.

घणसोली_वायरमन

येतो. कटर आणि नवीन क्लॅम्प मी आणतो.

ऐरोली_अ‍ॅनालॉग

मी आलो तर चालेल का? मायक्रोअँपिअर मोजणारा मीटर कॉलेजच्या लॅबमधून मागून आणतो.

कावेसरकर

अवश्य ये. सी विंगच्या दोन्ही बंद फ्लॅटच्या किल्ल्या वॉचमनकडे ठेवतो.